कोलस्लॉ, नवलकोल आणि आपली उसळ

(मंडळाच्या गतवर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



गणरायापुढे काहीतरी विद्येची सेवा रुजू व्हावी म्हणून आपण ही व्याख्याने ठेवतो. पहिले दोन दिवस इथे मोठमोठे विषय झाले, आणि आज मी तुमच्यासमोर कोबीचा गड्डा घेऊन उभी आहे. कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितले, 'कोबीची कोशिंबीर'. त्यांना वाटले, मी पाककृती स्पर्धेत नाव देते आहे. ती स्पर्धा उद्या दुपारी आहे आणि मी तिच्यात नाही, तेव्हा स्पर्धक भगिनींनी निश्चिंत असावे.

विषय सुचला तो आमच्याच जेवणाच्या टेबलावर. माझी नात अकरा वर्षांची आहे, इंग्रजी शाळेत जाते. तिची आई म्हणजे माझी सून गुजराती घरातली. एका रविवारी कोबीची पचडी केली होती. म्हणजे बारीक चिरलेला कोबी, मीठ लावून हलक्या हाताने चुरलेला, त्यात दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू, चिमूटभर साखर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. नातीने पान पुढे केले आणि म्हणाली, "आजी, मला थोडं कोलस्लॉ दे ना."

माझा हात थांबला. तीस वर्षे शाळेत भाषा शिकवली आहे मी, त्यामुळे चूक दिसली की तोंड आपोआप उघडते. मी म्हणाले, "याला पचडी म्हणतात. तुझ्या खापरपणज्यांनी गायकवाडांच्या दप्तरात मोडी लिहिली, आणि तुला घरातल्या पदार्थाचं नाव सांगता येत नाही?" आवाज जरा चढलाच. पोरीने पान मागे घेतले आणि त्या दिवशी डाव्या बाजूचे काही म्हणून खाल्ले नाही. कोणी काही बोलेना. मग सूनबाई, तिचा स्वभाव शांत आहे, वरण वाढता वाढता म्हणाली, "आई, पचडी तरी मराठी आहे का?"

तिने ते टोमणा म्हणून विचारले नव्हते, हे मला आता कळते. तेव्हा टोमणाच वाटला. पण मला उत्तर येत नव्हते, हे खरे दुखणे होते. दुपारी सगळे झोपल्यावर मी कोश खाली काढले.

पहिल्याच चेंडूवर मी बाद झाले. पचडी आपल्याकडे दक्षिणेकडून आली आहे. तेलुगूत पच्चडी आहे, कन्नडात आहे, तमिळमध्ये आहे, आणि त्या भाषांत 'पच्च' म्हणजे हिरवे, कच्चे. बरे, कोशिंबीर म्हणावे तर शेजारी कर्नाटकात रामनवमीला भिजवलेल्या मूगडाळीची आणि काकडीची कोसंबरी करतात. नावे अशी सख्ख्या बहिणींसारखी, की आपण एकट्यानेच हक्क सांगणे बरे दिसत नाही. मग राहिला कोबी. ही भाजी युरोपीय लोकांबरोबर आपल्या देशात आली आणि नावही सोबत घेऊन आली. पोर्तुगीज भाषेत तिला 'कोव' म्हणतात, त्याचा आपण केला कोबी. गुजरातीतही कोबी, कोबीज. बटाटा, काजू, अननस, चावी, पगार ही सगळी त्याच गलबतातून उतरलेली मंडळी. एवढी शतके झाली, तरी काही घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात कोबी अजून चालत नाही. पाहुणा ओसरीवर आला, माजघरातही आला, पण देवघराच्या उंबऱ्याशी अजून अडलेला आहे.

म्हणजे हिशेब काय झाला बघा. 'कोबीची पचडी' यातला कोबी गेला पोर्तुगीजांकडे, पचडी गेली तेलुगू-कन्नडांकडे, आणि मी ज्यासाठी पोरीवर ओरडले त्यातला अस्सल मराठी उरला तो फक्त 'ची'.

मग म्हटले, हिचे ते कोलस्लॉ तरी कुठले ते बघू. ते इंग्रजी असणार, असे मी धरून चालले होते. तेही नाही. ते निघाले डच. आणि त्या शब्दाच्या मागे मागे जाता जाता मला आपल्यासारख्याच लोकांची एक वस्ती भेटली. म्हणून हे व्याख्यान.

हॉलंडच्या भाषेत कोबीला 'कोल' म्हणतात आणि सॅलडला थोडक्यात 'स्ला'. दोन्ही जोडून 'कोलस्ला', म्हणजे सरळ सरळ कोबीची कोशिंबीर. त्यातले सॅलड हे मुळात लॅटिनमधल्या 'साल' या शब्दावरून, साल म्हणजे मीठ. सॅलड म्हणजे मीठ लावलेले. कोबीला मीठ चोळून ठेवले की पाणी सुटते आणि पान मऊ पडते, हे ज्या बाईला पहिल्यांदा कळले ती रोममधली असो की राजापूरची, तिने काम एकच केले. आणि 'कोल' आले लॅटिन 'काउलिस'वरून, काउलिस म्हणजे देठ. त्याच काउलिसपासून जर्मन कोल झाले, इंग्रजीतले जुने 'कोल' आणि 'केल' झाले, आणि पोर्तुगीज 'कोव' झाले. जर्मनीचे एक चॅन्सेलर होते, हेल्मुट कोल. त्यांचे आडनाव म्हणजे चक्क कोबी. हसू नका, आपल्यात भोपळे, दोडके आणि मुळे आहेतच.

तर नातीचे कोल आणि माझा कोबी ही चुलत भावंडे निघाली. एक हॉलंडवरून न्यूयॉर्कला गेले, दुसरे लिस्बनवरून गोव्याला आले, आणि आमच्या टेबलावर मी त्यांचे भांडण लावून दिले.

आता ती वस्ती. १७व्या शतकात डचांच्या दोन मोठ्या व्यापारी कंपन्या होत्या. एक पूर्वेकडे आली. सुरतेची त्यांची वखार आणि तिथल्या डच कबरी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. कोकणात वेंगुर्ल्याला १६३७ साली त्यांनी वखार घातली, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. दुसरी कंपनी पश्चिमेला गेली आणि अमेरिकेत हडसन नदीच्या काठाने तिने वसाहत केली. नदीच्या मुखाशी न्यू ॲम्स्टरडॅम, आणि वर उत्तरेला आज ज्याला ऑल्बनी म्हणतात ते गाव.

इतिहासाची एक गंमत सांगते. १६६४च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा तिथल्या डचांनी वखारीचे दरवाजे लावून घेऊन आपला जीव आणि माल वाचवला. त्याच वर्षी सप्टेंबरात तिकडे अमेरिकेत इंग्रजांची जहाजे आली आणि न्यू ॲम्स्टरडॅम डचांच्या हातून गेले. त्याचे नाव पडले न्यूयॉर्क. पुढे मधले वर्ष-सव्वा वर्ष डचांनी ते परत घेतले होते, पण ते तेवढेच. राज्य गेले, गव्हर्नर गेला. माणसे मात्र तिथेच राहिली. त्यांची घरे होती, शेते होती, चर्च होती. आपले राज्य नाही अशा मुलखात, दुसऱ्यांच्या भाषेच्या शेजारात, ती पिढ्यान्‌पिढ्या आपली भाषा बोलत राहिली. हे ऐकताना तुम्हाला कोणाची आठवण येते, ते मी सांगायला नको. गायकवाडांबरोबर १८व्या शतकात जी आपली माणसे बडोद्यात आली, त्यांचे संस्थानही १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरात वेगळा झाला. आपण दांडिया बजारातच राहिलो.

१७४९ साली, म्हणजे राज्य जाऊन पंचाऐंशी वर्षे झाल्यावर, ऑल्बनीला एक पाहुणा आला. पेर काल्म त्याचे नाव. लिनियस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचा तो शिष्य, स्वीडनहून अमेरिकेतल्या झाडापाल्याचा अभ्यास करायला आलेला. दिसेल ते लिहून ठेवायची त्याला सवय होती. ज्या डच बाईंच्या घरी तो उतरला होता, त्या श्रीमती विशर यांनी एक दिवस असा पदार्थ केला की जो त्याने आधी कधी खाल्ल्याचे त्याला आठवेना. बाईंनी कोबीच्या गड्ड्याची आतली पाने घेतली, त्यांच्या लांब, अगदी बारीक पट्ट्या कापल्या. किती बारीक, तेही त्याने लिहिले आहे: इंचाच्या बाराव्या ते सहाव्या हिश्शाइतक्या. मग ताटलीत घालून वर तेल आणि व्हिनेगर ओतले, मीठ-मिरी घातली आणि सगळीकडे सारखे लागेल असे कालवले. तेलाऐवजी पुष्कळदा वितळवलेले लोणी घेतात, ते गरम भांड्यात ठेवतात आणि वाढून झाल्यावर वरून ओततात, अशीही त्याची नोंद आहे.

हे वाचले आणि मी चष्मा काढून ठेवला. वाढल्यावर वरून ओतलेले गरम लोणी! फोडणीच की ही! हिंग-मोहरी तेवढी राहिली. आजकाल हॉटेलांत कोलस्लॉ म्हणून जे पांढरे, गिळगिळीत मिळते, ते मेयॉनीज पुष्कळ नंतरचे. रिचर्ड हेलमन या जर्मनीहून आलेल्या माणसाने १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये ते बरण्यांत भरून विकायला काढले आणि मग ते घराघरांत पोचले. विशरबाईंचा कोलस्ला माझ्या पचडीच्या जास्त जवळचा होता. आमची नात नकळत बरोबर बोलली होती.

शब्दाचे पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. शेजारच्या इंग्रजांनी तो पदार्थ खाल्ला, आवडला, आणि नाव ऐकले 'कोल-स्ला'. डच भाषा येत नव्हती. कोल म्हणजे काय? थंड असणार! खाल्ले तर थंडच लागते. म्हणून त्यांनी केले 'कोल्ड स्लॉ'. १७९४ साली अमेरिकेत तो असाच छापलेला सापडतो, डच लोक याला असे म्हणतात अशा अर्थाने. आणि एकदा थंड स्लॉ झाले म्हटल्यावर गरम का नको? त्यांनी 'हॉट स्लॉ'ही केले. पुढे कोणीतरी जाणत्याने मूळचे 'कोल' परत आणले, तरी 'कोल्ड स्लॉ' म्हणणारे राहिलेच. आता तर कोबी नसला तरी चालतो. गाजराचे स्लॉ, ब्रोकोलीचे स्लॉ. कोबी गळाला आणि नुसते 'स्लॉ' उरले. आपण उलटे केले. कॉलीफ्लॉवर या शब्दातले 'कॉली' म्हणजे पुन्हा तोच काउलिस, तोच कोबी. तो आपण टाकून दिला आणि बाजारात जाऊन मागतो 'फ्लॉवर'.

ऐकलेल्या परक्या शब्दात आपल्याला समजेल असा अर्थ बसवणे हे सगळीकडे होते. पाव घ्या. पोर्तुगीज 'पाँव' म्हणजे रोटी. पण माझ्या लहानपणी आम्हाला खात्रीने सांगत, बेकरीत पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव! त्यामुळे आमच्या आजीने जन्मभर पाव खाल्ला नाही. एका खोट्या व्युत्पत्तीपायी बिचारी बटाटेवड्याबरोबरच्या पावाला मुकली.

पण खरे नवल पुढेच आहे. नवल म्हटले ते मुद्दाम. खंडेराव मार्केटात थंडीच्या दिवसांत ती गोल, हिरवी, पानांची शेंडी असलेली भाजी येते. आपण तिला म्हणतो नवलकोल. काही घरांत अलकोल. मी लहानपणी वडिलांना विचारले होते, हिला नवलकोल का म्हणतात? ते म्हणाले, "अगं, इतर कंद जमिनीखाली वाढतात आणि हा जमिनीवर, सगळ्यांना दिसेल असा. म्हणून नवल." मला ते इतके पटले की पुढे वर्गात मी मुलांना तसेच सांगितले. किती वर्गांना, मोजवत नाही.

१८८६ साली हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा एक मोठा कोश निघाला, 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा. त्यात 'नोलकोल' ही नोंद आहे. या भाजीचे हिंदुस्थानातले इंग्रजांच्या तोंडचे नाव हेच, आणि ते डच दिसते, असे कोशकार म्हणतात. डचमध्ये 'क्नोल' म्हणजे गड्डा, कंद, आणि 'कोल' म्हणजे आपला कोबी. गड्डाकोबी! आपल्याकडे शेतीच्या पुस्तकांत आणि बियांच्या पाकिटांवर आजही 'नॉलखोल' असे छापतात. हा नॉलखोल मराठी कानावर पडला, आणि मराठी कानाने त्यात नवल ऐकले. इंग्रजाने कोलचे कोल्ड केले, आपण नॉलचे नवल केले. माझ्या मते आपले जास्त चांगले झाले.

म्हणजे पाहा, मी नातीला ज्या 'कोल'साठी रागावले, तो कोल मी स्वतः जन्मभर पिशवीतून घरी आणत होते.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. आता थोडे गंमत नसलेले.

हडसनकाठच्या त्या डच माणसांची भाषा टिकली किती? आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. राज्य जाऊन शंभर वर्षे झाल्यावर, १७६४ साली, न्यूयॉर्कच्या डच चर्चमध्ये पहिल्यांदा इंग्रजीत प्रवचन झाले. कारण साधे होते. तरुण पिढीला डच प्रवचन कळेना, ती दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागली. त्यावरून मंडळींत मोठे वाद झाले. एका बाजूला 'भाषा सोडली तर आपण कोण', दुसऱ्या बाजूला 'भाषा धरून बसलो तर समोर बसायला कोण'. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेला जे येतात त्यांना हा वाद तोंडपाठ आहे.

खेड्यांत भाषा आणखी टिकली. ऑल्बनीच्या दक्षिणेला किंडरहूक नावाचे गाव आहे. तिथे १७८२ साली जन्मलेला मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुढे १८३७ साली अमेरिकेचा आठवा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याची मातृभाषा डच. इंग्रजी ज्याची पहिली भाषा नव्हती असा तो एकच राष्ट्राध्यक्ष. आणि त्याच मुलखात एक मुलगी होती, गुलाम म्हणून जन्मलेली, पुढे सोजर्नर ट्रूथ या नावाने जगाला माहीत झालेली. तिचे मालक डच, म्हणून तिचीही भाषा डचच. नऊ वर्षांची असताना तिला इंग्रजी बोलणाऱ्या मालकाला विकले. त्याचे हुकूम तिला कळत नव्हते, म्हणून तिने मार खाल्ला. भाषेच्या आठवणी काढताना आपण सरदार-दरकदारांच्या काढतो. दुसऱ्याच्या दारात पाणी भरणाऱ्यांच्या तोंडातही तीच भाषा होती, आणि सोसणे त्यांच्या वाट्याला जास्त आले, हेही लक्षात असू द्यावे.

मग हळूहळू ती भाषा गेली. तिथल्या माणसांना एक दिवस सकाळी उठल्यावर भाषा गेलेली दिसली, असे झाले नाही. आधी चर्चमधून गेली, मग बाजारातून, मग नवरा-बायकोच्या बोलण्यातून. उरले काय? कोलस्लॉ. कुकी, वॉफल. दारापुढच्या पायऱ्यांना न्यूयॉर्कमध्ये म्हणतात ते 'स्टूप'. सांताक्लॉज. आणि 'बॉस', मूळ डच 'बास', म्हणजे मालक, धनी. आपल्या बडोद्यात रिक्षावाल्यालाही लोक 'बॉस' म्हणून हाक मारतात, तेव्हा हडसनच्या काठचा एक शब्द मांडवीच्या गर्दीत फिरत असतो.

खाण्याचे, घराचे, लेकरांच्या सणाचे शब्द राहिले. ग्रंथांचे गेले.

आणि आता आपली उसळ. बडोद्याबाहेरच्या माणसाला बडोद्याचे खाणे काय विचारले तर तो म्हणतो, सेव-उसळ. कोपऱ्याकोपऱ्यावर गाड्या आहेत. रात्री बाराला गुजराती, सिंधी, मारवाडी, सगळे उभे राहून सेव-उसळ खातात. उसळ हा शब्द आपला. कुठल्या तरी मराठी घरातून तो रस्त्यावर आला आणि शहराचा झाला. त्याला सेव लागली, पाव लागला, तर्री लागली. आपल्या मटकीच्या कोरड्या उसळीशी त्याचे आता नाते दूरचेच, पण नाव टिकले. मला याचा फार अभिमान वाटायचा. परगावचे पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम गाडीवरच्या पाटीवरचे ते नाव दाखवायची.

कोलस्लॉची गोष्ट वाचल्यापासून मला त्या पाटीकडे बघून तेवढे बरे वाटत नाही. खरे सांगते. न्यूयॉर्कमध्ये रोज किती मण कोलस्लॉ खपत असेल, आणि खाणाऱ्यांतल्या कोणाला ठाऊक आहे की त्या गावात कोणी डच बोलत होते? शब्द जगला म्हणजे भाषा जगली असे नाही. उद्या या शहरात उसळ राहील, आणि ती खाणारा विचारील, उसळ म्हणजे काय? मग कोणीतरी हुशार माणूस सांगेल, तर्री उकळून उसळते म्हणून उसळ.

आपण जे करायचे ते बरेच केले आहे, नाही असे नाही. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा केवढा कोश काढला, आठ भाषांचा! मामलतदारापासून मुनसफापर्यंत प्रत्येकाच्या कामाचा शब्द त्यात आहे. पण स्वयंपाकघराचे शब्द कोणी टिपून ठेवले? ते कारकुनांच्या हातात नव्हते, आणि ज्यांच्या हातात होते त्यांचे हात कणकेचे होते.

आता सूनबाईकडे परत येते. त्या दुपारी मी कोश पालथे घातले, संध्याकाळी नातीला जवळ घेतले आणि सांगितले, "माझी चूक झाली." तिला सगळी गोष्ट सांगितली, जहाजे, विशरबाई, नवलकोल. तिला हेल्मुट कोल फार आवडला. पचडीला ती आता 'पचडी-स्लॉ' म्हणते. मी तोंड उघडत नाही.

हे चालले असताना सूनबाई आत गेली आणि एक वही घेऊन आली. जुनी, तेलाचे डाग पडलेली. ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा माझ्या सासूबाई होत्या. पुढे चार वर्षे होत्या. त्यांना गुजराती येत असूनही स्वयंपाकघरात त्या मराठीशिवाय बोलत नसत. आणि ही नवी मुलगी, जिला मराठी धड येत नव्हते, ती त्यांच्या तोंडून पडेल ते गुजराती लिपीत लिहून घेत होती. मला पत्ता नव्हता. मी तेव्हा नोकरीत होते, आणि खरे म्हणजे मुलाच्या लग्नाचा माझा रुसवा पुरता गेलेला नव्हता. घरातली मराठी आता संपली, असे मी एक-दोघींजवळ बोललेही होते. त्या दोघी आज समोर बसल्या आहेत.

त्या वहीत पाककृती कमी आणि क्रियापदे जास्त आहेत. काकडी किसायची नाही, कोचवायची. कोशिंबीर ढवळायची नाही, कालवायची. कोबी चुरायचा, पण कुस्करायचा नाही. उकळत्या आधणात तांदूळ वैरायचे. 'वैरणे'पुढे तिने आपल्या सोयीसाठी लिहिले आहे 'ओरवुं', म्हणजे गुजरातीत जे खिचडीचे करतात ते. आधणाला मात्र काही लिहिलेले नाही, कारण ते तिच्या माहेरीही आंधणच. वैरणे हा शब्द मी स्वतः किती वर्षांत वापरला नव्हता! कुकर आल्यापासून तांदूळ वैरायची वेळच आली नाही. माझ्या तोंडून तो गेला होता, आणि तिच्या वहीत होता.

थिओडोर रूझवेल्ट या अमेरिकेच्या दुसऱ्या एका राष्ट्राध्यक्षाने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याचे घराणे मूळचे डच. त्याच्यापर्यंत येईतो भाषा पुरती गेली होती. त्याला डच म्हणून येत होते ते फक्त एक लहान मुलांना मांडीवर खेळवण्याचे गाणे. ते त्याला शिकवले आजीने, आणि ती आजी डच नव्हती. सून म्हणून त्या घरात आली होती. पुढे तो आफ्रिकेत गेला, तेव्हा तिथे डच वंशाचे शेतकरी भेटले, त्यांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले. त्यांच्या घरातही असली गाणी अजून मुलांसाठी म्हटली जात होती. दोन टोकांच्या माणसांना जोडायला तेवढे एक बडबडगीत पुरले. ते टिकले बाहेरून आलेल्या सुनेमुळे. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

आरतीची तयारी झालेली दिसते, तेव्हा आवरते. प्रसादाच्या टेबलाशेजारी एक वही आणि दोन पेने ठेवली आहेत. वही नवी आहे, डाग तुम्ही पाडायचे. तुमच्या घरी चिरण्याला, कापण्याला, ढवळण्याला, वाढण्याला, भांडी विसळण्याला, दूध उतू जाण्याला जे शब्द आहेत किंवा आजीच्या तोंडी होते, ते लिहा. ते कोकणातले असोत, वऱ्हाडातले असोत की इथल्या मातीत गुजरातीशी मिसळून झालेले असोत. वऱ्हाडाकडच्या एका बाईंनी मघाशीच मला सांगितले, त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तो पहिला शब्द मी लिहून टाकला आहे. ज्यांना देवनागरी जमत नाही त्यांनी गुजरातीत लिहावे, इंग्रजी अक्षरांत लिहावे. सूनबाई टेबलापाशी बसली आहे, ती ते उतरवून घेईल.